चौकीवरचे भाऊजी

माझ्या आत्याचे दीर आयुष्यात एक दिवसही लष्करात नव्हते, आणि तरीही अंबरनाथ पश्चिमेला त्यांच्याइतका लष्करी माणूस दुसरा झाला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. खरे फौजी मी पुष्कळ पाहिलेत. सुट्टीवर आले की ते बनियनवर ओट्यावर बसतात, उन्हं वर येईपर्यंत लोळतात, आणि बायकोने भाजीला पाठवलं तर पिशवी घरीच विसरतात. भाऊजींना असलं सैल वागणं कधी जमलं नाही. ते जेवायचे ताठ, झोपायचे ताठ, आणि शिंक आली तरी आधी दोन्ही पाय जुळवून मग शिंकायचे. आत्या त्यांना भाऊजी म्हणायची, म्हणून आम्ही मुलंही भाऊजीच म्हणायला लागलो. मग दूधवाला, मग पेपरवाला, आणि शेवटी समोरच्या इमारतीतल्या सगळ्या सुना. लग्न त्यांनी केलं नाही. आत्याने एखादं स्थळ आणलं की म्हणायचे, "नको वहिनी, उद्या पोस्टिंग कुठे होईल सांगता येत नाही." हे पोस्टिंग म्हणजे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचं स्टोअर. तिथे ते सायकलवरून जायचे आणि सायकलवरून परत यायचे, निवृत्त होईपर्यंत.

गावी आठवीच्या पुढे शाळा नव्हती, म्हणून मी शिकायला आत्याकडे राहिले आणि आपोआप भाऊजींच्या पलटणीत दाखल झाले. पहाटे शिट्टी व्हायची. मग आंघोळीसाठी मोरीपुढे रांग, आणि रांगेत हजेरी. या हजेरीतून त्यांच्या थोरल्या भावाचीही, म्हणजे आत्याच्या यजमानांचीही सुटका नव्हती. टॉवेल खांद्यावर टाकून तो सज्जन माणूस आपल्या धाकट्या भावापुढे "हजर" म्हणायचा आणि पाणी गरम आहे का ते विचारायचा. चादरीची घडी चारही कोपऱ्यांना जुळली नाही तर ती पुन्हा घालावी लागे. भाऊजी एरवी शुद्ध मराठी बोलत, पण शिस्तीचा प्रश्न आला की हिंदीत शिरत, कारण फौजेत हिंदी चालते असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मांजर दुधाच्या पातेल्याशी दिसलं की गंभीर आवाज यायचा, "पीछे हटो." मांजर हटत नसे, पण आम्ही हटायचो. नात्यातल्या लग्नांत पंगत मांडायचं काम त्यांच्याकडेच असायचं. ते सुतळी ताणून पानं लावायचे. एकदा मुलाकडच्या एका जाड्या काकांचं पान सुतळीच्या बाहेर जात होतं, तेव्हा भाऊजींनी पान न हलवता अख्खी पंगत वीतभर मागे सरकवली. वरण निवलं, पण रांग अशी दिसत होती की फोटोवाल्याने वधूवरांना सोडून आधी तिचा फोटो काढला.

या सगळ्याचा व्हायचा तो परिणाम झालाच. घरच्यांना सोडून बाकी सगळ्या जगाने त्यांना निवृत्त फौजी ठरवून टाकलं. कुणी कॅप्टन म्हणे, कुणी सुभेदार. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात एका सिंधी दुकानदाराकडे ते खाकी कापड घ्यायला जात, मला पिशवी धरायला नेत. गादीवरचा शेठ त्यांना पाहिल्याबरोबर उठून उभा राहायचा. "आओ मेजर साईं. आपके लिए स्पेशल रेट है, फौजी भाई से हम क्या कमाएंगे." भाऊजी मान ताठ ठेवून म्हणायचे, "रेट जो सबको है वही." शेठ डोळे पुसल्यासारखं करून नोकराला सांगायचा, "देखा? इसको बोलते हैं खानदानी फौजी." आपण सैनिक आहोत असं भाऊजी कधी म्हणाले नाहीत, हे मला ठामपणे सांगायचंय. सवलत घेतली नाही, फुशारकी मारली नाही, लढाईची एक गोष्ट रचून सांगितली नाही. मात्र रस्त्यात कुणी सलाम ठोकला की त्यांचा हात आपसूक वर जायचा. तेवढा एक मोह त्यांना आवरत नसे.

आणि चौकी. चौकीशिवाय भाऊजी म्हणजे मिशीशिवाय भाऊजी. महायुद्धाच्या काळात आमच्या या भागात इंग्रजांची भलीमोठी लष्करी छावणी होती. युद्ध संपलं, छावणी ओस पडली, मग फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिच्या बराकींत राहायला आली आणि त्या बराकींचं उल्हासनगर झालं. आजही पत्त्यात कॅम्प नंबर लिहितात ते त्यामुळेच. त्या छावणीच्या हद्दीवरची एक चौकी आमच्या बाजूला राहून गेली होती. काळ्या दगडाची एक खोली, पुढे पहारेकऱ्याचा ओटा, लोखंडी आडवा दांडा, थोडी उंचवट्याची जागा आणि चार-सहा जुनी झाडं. मालक कोण ते कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. अशा जागेचं आपल्याकडे एरवी काय होतं ते सांगायला नको. पण इथे भाऊजी होते. दर रविवारी ते कोयता, फावडं आणि बादली घेऊन जायचे, रान काढायचे, कचरा टाकणाऱ्याला हिंदीत झापायचे, आणि छावणीत असतात तसे झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे. हे रंगकाम इतकं तल्लीन होऊन चालायचं की एकदा बुंध्याला टेकून रवंथ करणाऱ्या शेळीच्या पाठीवरही पट्टा गेला. शेळीची मालकीण भांडायला आली, तर भाऊजींनी तिला शांतपणे विचारलं, "दुसरी बाजू पण करून देऊ का?"

चौकीत पोरांना क्रिकेट खेळायला परवानगी होती, पण परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय आत सोडत नसत. शब्द रोज बदलायचा आणि तो बहुधा आत्याच्या स्वयंपाकघरातून यायचा. एके दिवशी शब्द होता दोडका. संध्याकाळी भाऊजी स्वतः आले, तर दांड्यापाशी उभ्या असलेल्या पोराने अडवलं. भाऊजींना शब्द आठवेना. पडवळ म्हणाले, घोसाळं म्हणाले, शेवटी नुसतंच "अरे मी आहे" म्हणाले. पोरगा ढिम्म. भाऊजी घरी आले, आत्याला सकाळची भाजी विचारली, पुन्हा गेले, आणि आत शिरल्यावर त्या पोराची पाठ थोपटून त्याला गोळी दिली. शेजारच्या जीन्सच्या कारखान्यातली मंडळी धुतलेल्या पँटी चौकीच्या तारेवर वाळत टाकायची. भाऊजींनी हाकललं नाही, फक्त सगळ्या पँटींची तोंडं एका दिशेला आणि उंचीप्रमाणे लावायला लावली. वारा सुटला की ती निळी पलटण एकदम पाय उचलायची, आणि ओट्यावर बसून ते पाहताना भाऊजींच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

ते असे का झाले, हे फक्त घरात ठाऊक होतं. तरुणपणी ते भरतीला गेले होते. उंची बसली, छाती बसली, धावण्यात पुढे आले. मग डॉक्टरने पाय ओले करून फरशीवर उभं केलं. चारचौघांच्या पायाचा ठसा मधे आत वळतो. भाऊजींचा ठसा विटेसारखा सलग उमटला. सपाट पाय, नापास. पुढच्या भरतीला पुन्हा गेले. पाय तेच होते. त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. भाऊजींनीही नाही. आत्या म्हणते, त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी पहिल्यांदा शिट्टी विकत आणली.

तर या चौकीचं उद्यान करायचं नगरपालिकेने ठरवलं. मी तोवर लग्न होऊन बदलापूरला राहायला गेले होते. आत्याच्या फोनवरून बातम्या कळत. मला वाटलं, भाऊजी आता दांडा आडवा करून उपोषणाला बसणार. झालं उलटंच. ते रोज कामावर हजर. दगडी खोली तशीच राहणार, पाडणार नाहीत, एवढं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. चालण्याची वाट झाली, पेव्हर ब्लॉक बसले, झोपाळे आले, व्यायामाची लोखंडी यंत्रं आली. पट्टे पुसले गेले तेव्हा मात्र ते दोन दिवस जेवले नाहीत नीट, असं आत्या म्हणाली. मग स्वतःच म्हणाले, "पोरांच्या कपड्यांना लागला असता गेरू." नाव ठरलं सैनिक उद्यान.

आणि उद्घाटनाच्या आठवड्यात स्टेशनबाहेर एक फ्लेक्स लागला. त्यावर भाऊजींचा भलामोठा फोटो, मागे तिरंगा, खाली अक्षरं: माजी सैनिकांच्या शुभहस्ते. ही कामगिरी रुपेशची. रुपेश म्हणजे त्या जीन्सच्या कारखान्याचा मालक आणि उद्घाटन समितीचा अध्यक्ष, मनाने लाख माणूस, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. भाऊजी तडक त्याच्याकडे गेले. म्हणाले, "रुपेश, तो फ्लेक्स काढ. मी सैनिक नव्हतो." रुपेश दोन्ही कानांना हात लावून म्हणाला, "भाऊजी, तुमचं हेच तर आवडतं आपल्याला. दुसरा असता तर स्वतःच दहा फ्लेक्स लावले असते." भाऊजी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. "अरे खरंच नव्हतो. कंपनीत स्टोअरला होतो." रुपेश डोळा मारून म्हणाला, "समजलं. सिक्रेट ड्यूटी. आपण कुणाला नाय बोलणार." तिसऱ्या खेपेला भाऊजींनी पुरावा म्हणून कंपनीच्या निवृत्तीची कागदपत्रं नेली, तर रुपेश कारखान्याच्या मागच्या दाराने पळाला, फौजी माणूस मानधन नाकारायला आला असणार, अशी त्याची समजूत झाली होती.

शनिवारी मी आत्याकडे गेले, तर घरात सुतक असल्यासारखी शांतता. भाऊजी खुर्चीत ताठ बसले होते, पण तो ताठपणा नेहमीचा नव्हता. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "एवढं काय त्यात. शाल घ्यायची, हात जोडायचे, खाली उतरायचं. कुणाचं काय जातंय? आणि तुम्ही त्या जागेसाठी कमी केलंय का?"

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "ती शाल कुणाची तरी आहे. माझी नाही."

"मग जाऊच नका. आजारी पडा."

"आजारी पडून काय होईल? फ्लेक्स तसाच राहील. लोक आयुष्यभर तेच म्हणत राहतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "इतके दिवस बरं वाटायचं म्हणून सलाम घेतले. आता फेडायला नको का?"  मी उगाचच ताटं घेतली.

रविवारी चौकीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॅम्पातला शेठसुद्धा नातवाला घेऊन आला होता. व्यासपीठावर पाहुणे, त्यांच्या बाजूला भाऊजी, आणि भाऊजींच्या बाजूला बदलापूरजवळच्या चामटोली गावाहून बोलावलेले एक खरेखुरे माजी सैनिक, हवालदार. धोतर, वर कोट, डोक्याला टोपी, आणि सगळा वेळ चहाच्या थर्मासवर डोळा. भाऊजींचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, रुपेश शाल उलगडून पुढे आला. भाऊजींनी हाताने त्याला थांबवलं आणि माइक घेतला. म्हणाले, "मी सैनिक नाही. कधीच नव्हतो. भरतीला गेलो होतो, मला घेतलं नाही. ही शाल या हवालदारांना द्या."

 आणि मग निवेदकाने, देव त्याचं भलं करो, दुसरा माइक उचलून गहिवरून सांगितलं, "मंडळी, हीच ती सैनिकी विनम्रता. जोरदार टाळ्या." आणि खरोखरच जोरदार टाळ्या पडल्या. शेठ तर उभा राहून टाळ्या वाजवत होता. माझ्या शेजारी आत्याने कपाळाला हात लावला. खरं बोलूनही सुटका नाही, अशी वेळ माणसावर येऊ नये. भाऊजी एखाद्या हरवलेल्या मुलासारखे इकडेतिकडे बघत होते.

मग ते व्यासपीठावरून खाली उतरले. पहिल्या रांगेसमोर वाकून त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढून बुटांत नीट ठेवले, पाहुण्यांसाठी ठेवलेली पाण्याची बाटली पायांवर ओतली, आणि त्या नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकवर दोन पावलं चालून बाजूला झाले. "बघा," म्हणाले. "डॉक्टरांनी हेच बघितलं होतं." उन्हात फरशीवर दोन ठसे होते, सलग, कुठेही आत न वळलेले. पुढच्या लोकांनी वाकून पाहिलं, त्यांच्या मागच्यांनी त्यांच्या खांद्यांवरून. टाळी कुणी वाजवली नाही. रुपेशच्या हातातली शाल तशीच होती. मला रडू येत होतं, आणि आत्या पदराने नाक पुसत होती.

तेवढ्यात हवालदार खुर्चीतून उठले, सावकाश पायऱ्या उतरले, ठशांपाशी वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या पायाला नाय घेत मिल्ट्रीत. हे बोलतात ते खरा हाय." मग कंबर सरळ करून म्हणाले, "माझा पाय चांगला निघाला म्हनून मना घेतला, आन् सगळी नोकरी मेसमध्ये पुऱ्या लाटाय लावल्या. पुऱ्या लाटाय पाय कशाला बघत व्हते, ता मना अजून समाजला नाय." आधी पोरं हसली, मग सगळेच. भाऊजीही हसले, पण बूट हातात घेऊन ते सरळ घरी निघाले. रुपेश मागून धावत आला आणि नारळ तरी घ्या म्हणाला. भाऊजींनी मान हलवली, पण आत्याने हात पुढे केला. "शाल सैनिकाची असेल," ती म्हणाली, "नारळ कुणाचाही असतो."

त्यानंतर घरात शिट्टी वाजली नाही. भाऊजी उशिरा उठू लागले, उद्यानाकडे फिरकेनासे झाले. लोक वाईट वागले असं अजिबात नाही. पण तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न त्यांचा होता, लोकांचा नव्हता. जन्मभर त्या शिट्टीला शिव्या घालणारी आत्या मला फोनवर म्हणाली, "अगं, चादरीच्या घड्या कशाही पडतात आणि कुणी बोलत नाही. मला घर खायला उठतं." मी पुढच्या रविवारी गेले. चहा होतोय तोच दारात हवालदार उभे. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. स्टेशनवर उतरून त्यांनी रिक्षावाल्याला "ते सपाट पायवाले कुठं राहातात" एवढंच विचारलं होतं, आणि त्याने थेट दाराशी आणून सोडलं होतं. भाऊजींचे कान लाल झाले. हवालदार म्हणाले, "त्या दिवशी भाषनांत काय बघाय गावला नाय. चला, बाग दाखवा."

आता पाहुणा चामटोलीहून आलेला. नाही कसं म्हणणार? भाऊजींनी चपला घातल्या. मी मागोमाग गेले. फाटकाशी रुपेश उभा होता, झोपाळ्यांपाशी ओळखीच्या बायका होत्या. कुणी सलाम केला नाही. सगळ्यांनी नमस्कार केला. भाऊजींचा उजवा हात सवयीने अर्धा वर गेला, थबकला, आणि मग डावा हात त्याला येऊन मिळाला. त्यांना असा साधा नमस्कार करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. जरा अवघडलेला होता, पण छान होता.

तेव्हापासून हवालदार दर रविवारी येतात. दोघं दगडी खोलीच्या ओट्यावर बसतात. इतकी वर्षं भाऊजींना समोर आलेल्या एकाही फौजी माणसाला काही विचारता आलं नव्हतं, कारण त्यांना सगळं माहीत असणार असं जो तो धरून चालायचा. आता माहीत नाही हे जगजाहीर आहे, आणि ते विचारत सुटलेत. सकाळी बिगूल खरंच वाजतो का? बर्फात बूट वाळतात कसे? पत्र आलं की आधी कोण वाचतं? "सगळे एकदम उठायचे?" असं मी त्यांना विचारताना ऐकलं, तर हवालदार म्हणाले, "एकदम कुठला? मी आधी उठायचा. चाय कोन करनार?" आणि भाऊजी मांडीवर कोपर टेकून, पाठ वाकवून, अगदी सैल बसून ऐकत होते.

परवा हवालदार निघताना भाऊजी म्हणाले, "पुढच्या वेळी तंबूचं सांगा. तंबूचं राहिलंच." दोघांचीही पंचाहत्तरी उलटलीय, हवालदारांचे गुडघे धरतात, आणि भाऊजींचं विचारायचं अजून पुष्कळ शिल्लक आहे. मी काही फार देवभोळी नाही. पण हल्ली रविवारी सकाळी दिवा लावताना माझ्या तोंडून एवढंच निघतं, की हवालदारांची रिक्षा आज येऊ दे.